बारा नावं, बारा डब्या

३ फेब्रुवारी

चि. ठमीस तुझ्या मामाचा आशीर्वाद. तब्येत विचारू नकोस, ती पुढे येतेच आहे.

आज सकाळी मी दुसऱ्या माणसाची कवळी तोंडात घातली. हे लिहितानासुद्धा घशाशी येतंय. सिस्टरने डबी हातात दिली, मी नेहमीसारखी कवळी काढली आणि बसवली, तर ती हिरडीवर डुगडुगायला लागली. मला वाटलं, माझा जबडाच आटला. बाहेर काढून उजेडात धरली, तर मागच्या दाढा तपकिरी. तंबाखूचे डाग! मी जन्मात तंबाखूला शिवलेलो नाही. या वृद्धाश्रमात आमच्या मजल्यावर तंबाखू खाणारा एकच, पाचव्या खोलीतला घड्याळजी. म्हणजे त्याने वर्षानुवर्षं चघळलेलं ते सगळं माझ्या टाळूला लागलं. सात वेळा चूळ भरली. साबण लावून जीभ घासली. अजून तोंडात तीच चव आहे.

सिस्टर नवी आहे, दहा दिवसांची. माझं ऐकणं तुला माहीत आहे, म्हणून ती कानाशी येऊन ओरडते आणि अख्ख्या मजल्याला कळतं. ओरडली, "आजोबा, स्क्रीनवर तुमच्या नावापुढे पाच नंबरचीच डबी आहे!" मी म्हटलं, माझी सहा नंबरची. तर म्हणाली, "हिरवी खूण आलीय, मग बरोबरच असणार."

ती स्क्रीन तुझी. पूर्वी डब्यांवर माणसाचं नाव असायचं. तुझा प्रोग्राम आला आणि मॅनेजरने नावं खरवडून नंबर घातले. माझी कवळी बँडवाल्याच्या तोंडात सापडली. म्हणतो, "राहू दे की काका, मला तुमची छान बसते." हसतोय वर! मी ती परत घेतली, पण घालायची इच्छा होईना. कपड्यांचंही तेच. माझ्या धुण्याच्या पिशवीत घड्याळजीचे लेंगे आले. नाड्या कशा असतात त्याच्या, ते लिहीत नाही.

तुझं नाव मॅनेजरला मीच सुचवलं होतं. "माझी भाची कॉम्प्युटरवाली आहे" असं बारा जणांना सांगून झालंय. आता माझ्याकडे बघून सगळे दात दाखवतात, आणि ते कुणाचे असतात देव जाणे. काय ते बघ.

तुझा मामा


८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. अक्षरं मोठी छापली आहेत, भिंग शोधू नका.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि मला इतकं हसू आलं की शेजारची विचारायला लागली. रागावू नका. डबी बदलली असेल, ट्रे धुताना होतं असं. मागच्या महिन्यात पंखा तुमच्याकडेच तोंड करून फिरतो अशी तक्रार होती. त्याआधी सूपमधून फिनेलचा वास येत होता. मॅनेजर परवा फोनवर म्हणाले, "तुमच्या मामांसाठी वेगळी वही घालावी लागेल." मी तुमची बाजू घेतली, पण मामा, थोडं दमाने घ्या.

प्रोग्रामचं म्हणाल, तर त्यात गोंधळ होण्यासारखं काही नाही. माहिती जेसन नावाच्या पद्धतीने लिहून ठेवतात आणि जावास्क्रिप्ट ती वाचून स्क्रीनवर दाखवते. मी चार याद्या केल्या आहेत: नावांची एक, पिशव्यांची एक, डब्यांची एक, गोळ्यांची एक. यादी चौकोनी कंसात असते, तिला अ‍ॅरे म्हणतात. नावांच्या यादीतलं पाचवं नाव घ्यायचं, डब्यांच्या यादीतली पाचवी डबी घ्यायची, जोडी जमली. मशीन मात्र शून्यापासून मोजतं, म्हणजे त्याच्या दृष्टीने पहिला माणूस शून्यावर असतो. ते तुम्हाला सांगून उगाच डोकं पिकवत नाही.

शिवाय मी एक खबरदारी घेतली आहे. चारही याद्यांची लांबी सारखी असेल तरच हिरवी खूण येते. बारा नावं, बारा डब्या. एक जरी कमी पडली तरी लाल होऊन अडतं. म्हणून सिस्टर हिरवी खूण बघते.

ऑफिसात मला पुढच्या महिन्यात मोठं काम मिळायचं चाललंय, त्यामुळे जरा धावपळ आहे. जीभ साबणाने घासू नका.

तुमची ठमी


१२ फेब्रुवारी

चि. ठमे,

तुला हसू आलं. येऊ दे.

आधी मला सांग, शून्यावरचा माणूस म्हणजे काय? आमच्याकडे पहिल्या खोलीत कंपाउंडर राहतो. त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाला, "मुलीने मला शून्यात काढलं होय?" आणि दिवसभर फुगून बसला. मोजणी एकापासून करायची असते एवढं मला सातवीत नापास होऊनही कळतं.

आता डोकं शांत ठेवून वाच. ट्रे धुण्याची चूक असती तर एका दिवसाची असती. आज दहा दिवस झाले, रोज तेच. रोज मला घड्याळजीची कवळी, रोज बँडवाल्याला माझी. मी प्रत्येकाला विचारत फिरलो. कंपाउंडर, पोस्टमन, सुतार या पहिल्या तिघांचं सगळं जागच्या जागी. घड्याळजीपासून पुढे प्रत्येकाला आपल्या आधीच्या खोलीतल्याचं मिळतंय. बाराव्या खोलीतल्या मास्तरीणबाईंची पिशवी कुणाकडे गेली असेल? चौथ्या खोलीत आलेल्या ट्रकवाल्याकडे. तो त्यांचे गाऊन दोन बोटांत धरून जेवणाच्या खोलीत आला, "हे कुणाचं? मला होईना." बाईंचं तोंड उतरलं. मला शिसारी आली. म्हाताऱ्या बाईलाही अब्रू असते, पण कुणी विचारतं का?

मी एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. हजार खण होते. प्रत्येक खणाला पुठ्ठ्याचं कार्ड सुतळीने बांधलेलं असायचं. आम्ही त्याला बिन कार्ड म्हणायचो. वस्तूचं नाव, माप, किती आली, किती गेली, सगळं त्याच एका कार्डावर. नावं एका वहीत आणि मापं दुसऱ्या वहीत असं मी केलं असतं, तर साहेबांनी मला हाकललं असतं. कारण वहीतली एक ओळ खोडली की पुढचं सगळं एका घराने सरकतं. तुझ्या याद्यांचं तसं काही झालंय का? त्या मला छापून पाठव.

आणि दाताकपड्यांपेक्षा वाईट एक गोष्ट आहे. घड्याळजीला सकाळच्या गोळीनंतर दरदरून घाम फुटतो. हात थरथरतात. काल चमचा तोंडाऐवजी कानाकडे नेला. मी सिस्टरला म्हटलं, याच्या गोळ्या तपासा. ती म्हणाली, "वय झालं की होतं." तिने तेवढं म्हणून मला औषध दिलं. माझ्याही गोळीचा रंग बदललाय. म्हणे कंपनी बदलली.

लवकर पाठव.

तुझा मामा


१७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

याद्या छापून पाठवते आहे. मधली नावं जागा वाचवायला गाळली आहेत.

{
"नावं": ["कंपाउंडर", "पोस्टमन", "सुतार", "घड्याळजी", "मामा", "बँडवाले", … "मास्तरीणबाई", "ट्रकवाले"],
"डब्या": [1, 2, 3, 4, 5, 6, … 11, 12],
"गोळ्या": ["दम्याची", "झोपेची", "सांध्यांची", "साखरेची", "पोटाची", "हृदयाची", … "रक्तदाबाची", "हाडांची"]
}

पिशव्यांची यादी डब्यांसारखीच आहे. बघा, सगळ्या बारा-बाराच आहेत. घड्याळजींबद्दल वाईट वाटलं, पण औषधांचं डॉक्टर बघतात, प्रोग्राम नाही. मॅनेजरशी भांडू नका, प्लीज. माझ्या दृष्टीने हे दिवस जरा नाजूक आहेत.

घाईत आहे.

ठमी


२० फेब्रुवारी

ठमे,

तुझा कागद दुपारी आला. भिंगाखाली धरला आणि पाच मिनिटांत सापडलं. ज्याला बघायचं असेल त्याला दिसेल.

चौथ्या खोलीत शिंपी राहायचा. गेल्या महिन्याच्या अखेरीस त्याला त्याची मुलगी घेऊन गेली आणि या दोन तारखेला ट्रकवाला त्या खोलीत आला. मॅनेजरला विचारलं, तुम्ही नक्की काय काय केलं? तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "काय करायचं त्यात? शिंप्याचं नाव काढलं, नव्याचं टाकलं." कुठे टाकलं? "ते आपोआप खाली जातं हो." आणि गोळ्या? "चार नंबरच्या चौकटीत शिंप्याच्या पुसून नव्याच्या टाकल्या, खोली चार ना त्याची!"

कळलं का आता? नाव काढल्यावर खालची नावं वर सरकली आणि नवा शेवटी गेला. डब्या, पिशव्या, गोळ्या मात्र आपापल्या जागी बसून राहिल्या. नावं बारा, डब्या बारा, म्हणून तुझी खूण हिरवी. ट्रकवाल्याला साखरेचा आजार आहे. त्याची गोळी चौथ्या घरात आहे, आणि चौथ्या घरात आता घड्याळजीचं नाव आहे. घड्याळजीला साखरेचा काही आजार नाही! अडीच आठवडे ती गोळी त्याच्या अंगातली साखर उपसतेय. आणि ट्रकवाला मास्तरीणबाईंच्या हाडांच्या गोळ्या खातोय, घटाघटा पाणी पितोय, दर अर्ध्या तासाने संडासाकडे पळतोय. ती वाट माझ्या दारावरून जाते. वासाने जीव नकोसा होतो.

हे सगळं मॅनेजरला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, स्क्रीन उघडली, हिरव्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "काका, तुमचीच भाची सांगते सगळं बरोबर आहे." त्याच्या नखात काळी घाण होती. तेवढीच मला दिसत राहिली.

मी पुठ्ठ्याची खोकी कापून कार्डं केली आहेत. नाव, खोली, डबी, पिशवी, गोळी. प्रत्येकाच्या डबीला आणि पिशवीला सुतळीने बांधली. पण गोळ्या सिस्टर कुलुपातल्या कपाटातून काढते, तिथे माझा हात पोचत नाही.

उद्या डॉक्टर येणार आहेत, त्यांनाही सांगेन. पण माझं बोलणं इथे कुणी धरत नाही. पंखा आणि सूप आडवं येतं. तुझं धरतील. पत्र मिळाल्याबरोबर मॅनेजरला फोन कर. फक्त एवढंच म्हण, याद्या चुकल्यात, गोळ्या थांबवा. नाजूक दिवस असले तरी कर.

मामा


२४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्र मिळालं, लगेच फोन केला. एकदा याद्या तपासून घ्या असं मॅनेजरांना सांगितलं आहे. ते म्हणाले, बघतो. त्यांना ऑफिसच्या कामासाठी माझ्याकडून एक कागद हवा होता, तोही पाठवला. तुम्ही आता डोक्याला त्रास करून घेऊ नका. कार्डांची कल्पना छान आहे.

ठमी


२६ फेब्रुवारी

ठमे,

आपली पत्रं एकमेकांना ओलांडून गेली. तुझं आत्ता आलं.

घड्याळजी सोमवारी, तेवीस तारखेला, न्याहारीच्या टेबलावर पडला. तू फोन केलास त्याच्या आदल्या दिवशी. आधी तो माझ्याकडे बघत होता आणि मला वेगळ्याच नावाने हाक मारत होता. मग तोंडातून फेस आला, बशीतल्या दुधात कपाळ आपटलं. मी साखरेची वाटी घेऊन धावलो, बोटाने त्याच्या हिरड्यांना साखर चोळायला लागलो. मॅनेजरने माझा हात धरून ओढला, "घास अडकेल त्याला!" सिस्टर रडायला लागली. गाडी यायला पाऊण तास. तो इस्पितळात आहे, अजून नीट शुद्ध नाही.

हे कसं झालं तेही ऐक. शनिवारी डॉक्टर आले. मी त्यांच्यापुढे कागद धरला, त्यांनी माझ्या छातीला नळी लावली आणि कानात ओरडले, "आजोबा, मोठा श्वास!" ट्रकवाल्याची साखर फार वाढली होती, वाढणारच, त्याच्या पोटात हाडांच्या गोळ्या. डॉक्टरांनी त्याचं औषध दुप्पट केलं. मॅनेजरने चार नंबरच्या चौकटीत दुप्पट लिहिलं. रविवारी आणि सोमवारी घड्याळजीला दुप्पट मिळालं. हिरवी खूण होतीच.

माझी कार्डं मॅनेजरने कात्रीने कापून कचऱ्यात टाकली. म्हणतो, मी डब्या-पिशव्यांत लुडबूड केली, त्यामुळे गोंधळ झाला. घड्याळजीच्या मुलालाही तेच सांगितलं. मी म्हटलं, माझ्या भाचीला विचारा. तर त्याने खणातून एक कागद काढून माझ्या नाकासमोर धरला. चोवीस तारखेचा. "प्रोग्राममध्ये कोणताही दोष नाही. वस्तूंना हात लागल्यास त्याची जबाबदारी आमची नाही." खाली तुझी सही. ती सही मी ओळखतो, पहिल्यांदा पेन धरायला मीच शिकवलं होतं.

वस्तूंना हात लागल्यास. कोणाचा हात, ठमे?

मला तुझा वीट आला आहे. पत्र लिहू नकोस असं लिहिणार होतो. पण लिही. काय लिहितेस ते बघू दे.


६ मार्च

मामा,

आठ वेळा लिहून फाडलं.

मला माहीत होतं. सतरा तारखेला तुमच्यासाठी याद्या छापल्या, तेव्हा जानेवारीची प्रतही माझ्यासमोर उघडी होती. तिच्यात चौथं नाव शिंप्याचं होतं, नव्यात घड्याळजींचं. मी ते बघितलं. दोन्ही खिडक्या बंद केल्या आणि चहा घ्यायला गेले. मनाशी म्हटलं, गोळ्यांची यादी त्यांनी बदलली असेलच. तपासलं असतं तर चूक माझी निघाली असती आणि मोठं काम गेलं असतं.

चूक माझीच आहे. चार वेगळ्या याद्या करणं सोपं होतं, दोन दिवसांत संपवायचं होतं म्हणून तसं केलं. आमच्या ऑफिसातल्या थोरल्या सहकाऱ्याने तेव्हाच सांगितलं होतं, असं करू नकोस, एका माणसाचं सगळं एकत्र बांध. त्याला ऑब्जेक्ट म्हणतात, महिरपी कंसात लिहितात:

{ "नाव": "घड्याळजी", "खोली": 5, "डबी": 5, "पिशवी": 5, "गोळ्या": ["पोटाची"] }

असे बारा जणांचे बारा ऑब्जेक्ट, आणि त्यांची मिळून एकच यादी. माणूस गेला की त्याचं सगळं त्याच्याबरोबर जातं, दुसऱ्याचं जागचं हलत नाही. तुम्ही बिन कार्डाबद्दल लिहिलंत तेव्हा मला तेच आठवलं, आणि मी उत्तरात त्याचा उल्लेखही केला नाही.

फोनवर मी "गोळ्या थांबवा" म्हटलं नाही. "सवडीने याद्या बघून घ्या" म्हटलं. ते म्हणाले, तुमचे मामा वस्तूंना हात लावतात, तसं लिहून द्या. मी लिहून दिलं. घड्याळजी आदल्या दिवशीच पडले होते, हे ते बोलले नाहीत. पण तसं कळलं असतं तरी मी सही केली नसती, असं छातीठोक सांगता येत नाही.

काल दुसरा कागद लिहिला. दोष माझा, मामांचा हात नाही, सगळं तारखांसकट. एक प्रत मॅनेजरांना, एक डॉक्टरांना, एक घड्याळजींच्या मुलाला. ऑफिसातही दाखवला. मोठं काम दुसऱ्याला दिलं. नव्या रचनेचा प्रोग्राम बसवला आहे, सोबत छापील प्रत आहे. तपासाल का?

ठमी


१० मार्च

ठमे,

तपासला. प्रत्येकाच्या दारात खुर्ची टाकून बसलो आणि त्याचं त्यालाच विचारलं. पोस्टमनची झोपेची गोळी अर्धी असते, तू पूर्ण लिहिली आहेस. सुताराला आता पिशवी नको, त्याचे कपडे सून नेते. बाकी ठीक. मास्तरीणबाईंनी स्वतःचा कागद तीनदा वाचला आणि घडी करून उशीखाली ठेवला.

मॅनेजरने माझ्याशी बोलणं टाकलं आहे. तेवढी एक चांगली गोष्ट झाली. जेवताना त्याचं तोंड दिसतं आणि घास फिरतो, पण मी जेवतो.

आता माझं ऐक. तू खिडक्या बंद केल्यास. मी काय केलं ते मी तुला लिहिलेलं नाही. माझ्या गोळीचा रंग बदलला तेव्हा मला संशय आला, म्हणून मी ती गालात धरायचो आणि सिस्टर वळली की बेसिनमध्ये थुंकायचो. फेब्रुवारीच्या पाच तारखेपासून रोज. शेजारी घड्याळजी आपली गोळी पाण्याबरोबर गिळायचा. मी त्याला सांगितलं नाही. वाटायचं, हा सगळ्यांना सांगेल, "काका गोळ्या थुंकतो", आणि मॅनेजरच्या वहीत अजून एक तक्रार चढेल. मी सगळ्यांना बारा पानी पत्रं वाचून दाखवली, स्टोअरच्या गोष्टी सांगितल्या, पण त्याच्या कानात "थुंक" एवढं म्हणालो नाही. तेवढं पुरलं असतं.

तुझी किळस आली तेव्हा मला स्वतःचीही येत होती. ती वेगळी करता येईना, म्हणून तुला तसं लिहिलं.

घड्याळजीला परवा परत आणलंय. मुलगा म्हणतो, घरी सांभाळायला कुणी नाही. पंधरा तारखेच्या रविवारी ये. पत्र त्याला वाचता येत नाही आता. जेवणाच्या खोलीत सगळ्यांसमोर उभी राहा आणि सांग. मऊ शब्द वापरू नकोस, इथे निम्म्यांना ऐकू येत नाही.

मामा


१६ मार्च

प्रिय मामा,

काल तुम्ही कोपऱ्यात बसून होतात, निघताना बोलला नाहीत, म्हणून लिहिते.

मला वाटलं होतं मला हाकलतील. कंपाउंडर तर म्हणालेच, "शून्यातून बाहेर काढलंस, आभारी आहे." मास्तरीणबाईंनी मान फिरवली, त्यांचा हक्क आहे. ट्रकवाल्यांनी शिवी दिली. ती मी घेतली.

पण घड्याळजींनी माझं सगळं बोलणं ऐकलं, मामा. मी त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसले, माझ्यामुळे झालं म्हणून सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि हसले. किती शांत हसले! महिन्याभरात मला पहिल्यांदा नीट झोप लागली. ज्याचं मी एवढं वाईट केलं, त्यानेच मला मोकळं केलं.

ठमी


१९ मार्च

चि. ठमे,

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. तुझी झोप मोडेल म्हणून हात थांबत होता. पण न सांगण्याने काय होतं ते आपण दोघांनी बघितलं आहे.

घड्याळजीने तुझं काही ऐकलं नाही. म्हणजे आवाज कानावर पडला असेल. डॉक्टर म्हणतात, मेंदूला साखर पोचली नाही तेवढ्या वेळात जे गेलं ते गेलं. तो आता कुणाचाही हात धरतो. सिस्टरचा, झाडूवाल्याचा, खुर्चीच्या दांड्याचा. आणि हसतो. ट्रकवाला शिव्या देत होता तेव्हाही तो तसाच हसत होता, तुझी पाठ होती म्हणून तुला दिसलं नाही. मॅनेजर त्याच्यासमोर उभा राहिला की मॅनेजरकडे बघूनही हसतो. ते मला बघवत नाही, मी बाहेर जातो.

तू आलीस, सगळ्यांसमोर बोललीस. तुझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचला, मलासुद्धा ऐकू आला. ते माझ्याजवळ आहे, ते कुणी काढून घेत नाही. ट्रकवाल्याची शिवी घे, बाईंनी फिरवलेली मान घे, ती माणसं शुद्धीवर आहेत. त्यांनी जे दिलं ते तुझं.

पण ते हसू तुझं नाही, ते घेऊ नकोस. तू येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्याच्या खोलीत गेलो होतो. दार लावून घेतलं, त्याच्या कानाशी बसलो आणि बेसिनची गोष्ट सगळी सांगितली. त्याने माझाही हात धरला. मलाही तसाच हसला.

तुझा मामा